एकाच डोळ्याच्या पापण्या

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका तरुण मातेचे पत्र आले आहे. सासूबाईंनी तीन आठवड्यांपूर्वी तिच्या नऊ महिन्यांच्या झोपलेल्या मुलीच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीचे केस शिवणाच्या कात्रीने कापले. बाळ जागे झाले म्हणून डावा डोळा राहिला. ‘‘पाय, कसे दाट येऊन राहिले,’’ असे म्हणत सासूबाई आता दुसराही डोळा ‘सारखा’ करू पाहत आहेत. केस परत येतील का, दुसरा डोळा कापू द्यावा का आणि सासूबाईंशी तुटलेले बोलणे कसे जोडावे, असे तिने विचारले आहे.

ताई, दुसऱ्या डोळ्याला कात्री लावू देऊ नका. झोपेतले बाळ केव्हा मान फिरवील याचा नेम नसतो, आणि कात्रीचे टोक बुबुळाला लागले तर होणारी इजा केसांसारखी भरून येईलच असे नाही.

केस मात्र परत येतात. केसाचे मूळ पापणीच्या कडेत, त्वचेच्या आत असते आणि बाहेर दिसणारा भाग निर्जीव असतो; त्यामुळे वर कात्री चालली, हे मुळाला कळतही नाही. याच कारणाने कापल्यामुळे केस दाटही होत नाहीत, कारण वरच्या पापणीवर साधारण शंभर ते दीडशे केसांची मुळे असतात आणि कापल्याने त्यांत एकाचीही भर पडत नाही. सासूबाईंना जे दाट दिसते, तो खुंटांचा भास आहे. मूळचा केस टोकाकडे निमुळता होत जातो, कापलेला मात्र बोथट राहतो. पऱ्हाटी कापल्यावर उरलेले खुंट शेंड्यापेक्षा जाड दिसतात म्हणून झाडाला जोर चढला, असे आपण म्हणत नाही.

पापणीचा प्रत्येक केस चार ते दहा आठवडे वाढतो, दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित जास्त. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आकसते, केस काही महिने नुसता टिकून राहतो आणि शेवटी गळून त्या जागी नवा येतो. हा फेरा साधारण पाच ते अकरा महिन्यांचा असतो. डोक्याचा केस कित्येक वर्षे वाढत राहतो म्हणून वेणी कमरेपर्यंत जाते, पापणीचा मात्र आठ ते बारा मिलिमीटरवर थांबतो. शिवाय सगळे केस एका वेळी वाढत नाहीत. सोयाबीन एका सोंगणीत संपते, परंतु कपाशीच्या एकाच झाडावर पाती, फूल, हिरवे बोंड आणि फुटलेले बोंड एकत्र असतात म्हणून तुम्हाला तीन-चार वेचे करावे लागतात. पापणीचेही तसेच आहे. तुमच्या मुलीचे जे केस कापताना वाढीत होते ते काही आठवड्यांतच लांब दिसू लागतील, पण जे वाढ संपवून थांबले होते ते गळून नवे येईपर्यंत आखूडच राहतील. म्हणून काही महिने पापणी कमी-जास्त, दातेरी दिसेल. त्याला घाबरू नका, आणि रोज एक-दोन केस गालावर सापडले तरी नाही. मुठीवर ठेवून इच्छा मागण्यापुरते ते केस आपल्या सगळ्यांचेच गळतात.

केस लवकर यावेत म्हणून एरंडेल, तूप किंवा काजळ काहीही लावू नका. काजळ-सुरम्यात कधी कधी शिसे सापडते, आणि तेल बाळाच्या डोळ्यात उतरते. लांब पापण्यांचा हव्यासही थोडा आवरावा, असे मला वाटते. २०१५ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील संशोधकांनी बावीस जातींच्या सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, तेव्हा केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या सुमारे एक तृतीयांश आढळली. एवढ्या लांबीने डोळ्यावरचा वारा अडतो आणि ओलावा टिकतो, त्याहून लांब केस उलट वारा आत वळवतात. केस परत येईपर्यंत सोयाबीन काढणीची धूळ उडत असेल तिथे बाळाला नेऊ नका, कारण उजव्या डोळ्याचे कुंपण सध्या ठेंगणे आहे.

सासूबाई चुकल्या, यात शंका नाही. परंतु ‘‘कापल्या का दाट येतात वं’’ हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितले असणार, आणि नातीचे डोळे सुंदर दिसावेत यापलीकडे त्यांचा हेतू नव्हता. तीन आठवड्यांच्या अबोल्याने त्यांना एवढेच कळले असेल की सून रागावली. का रागावली, ते नाही. तेव्हा ‘‘तुम्ही माझ्या मुलीचे वाटोळे केले’’ असे न म्हणता ‘‘आई, कात्री डोळ्यात गेली असती तर, या भीतीने मला झोप येत नाही’’ असे म्हणा. मग बाळाला त्यांच्याच मांडीवर देऊन दिवसाच्या उजेडात दोन्ही पापण्या त्यांना जवळून पाहू द्या; डाव्या पापणीच्या केसांची बारीक टोके आणि उजवीचे बोथट खुंट त्यांना दिसतील.

डोळा लाल झाला, चिकटू लागला, पाणी गळू लागले, बाळ उजेडाकडे पाहीना, पापणीच्या कडेला खपल्या धरल्या किंवा न कापलेल्या डाव्या पापणीवरही केस पुंजक्याने जाऊ लागले, तर न थांबता नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ग्रामीण रुग्णालयात ते कोणत्या दिवशी असतात, हे आशाताईंना विचारून ठेवा. जाताना सासूबाईंना बरोबर न्या. कात्रीविषयी डॉक्टरांनीच त्यांना सांगितले, तर ते सुनेच्या तोंडून त्यांना ऐकावे लागणार नाही.