बाटल्या फेकायला नको होत्या

प्रश्न : चिपळूणजवळ माझी लाकडाची वखार आहे. मुलीला नीटमध्ये दोनदा कमी गुण पडले. यंदा रिपीटसाठी लातूरला पाठवायचं आम्ही ठरवलंय. तिने मात्र लाकडापासून इथेनॉल करण्याचं खूळ घेतलंय. वखारीतला भुसा, पाणी आणि बेकरीचं यीस्ट बाटल्यांत भरून कॉटखाली ठेवलं होतं. महिनाभरात एक बुडबुडा आला नाही. मी बाटल्या फेकून दिल्या. तिला समजवा.

उत्तर : नमस्कार. तुमचं मूळ पत्र दोन पानांचं आहे. त्यात 'आम्ही ठरवलं' चार वेळा आलंय, 'ती म्हणते' एकदाही नाही. नीटच्या गुणांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. दोनदा अपयश पचवलेली मुलगी तुमच्याच वखारीतला भुसा घेऊन महिनाभर रोज बाटल्या बघत होती, आणि त्या तुम्ही तिला न विचारता उकिरड्यावर टाकल्यात. तिसऱ्यांदा नीट द्यायला लातूरला पाठवण्याआधी तिची माफी मागा. मी हे मनापासून सांगतोय.

आता तुमचा गैरसमज. बुडबुडे आले नाहीत म्हणून विषयच पोकळ, असं तुम्ही धरून चाललात. उसाच्या रसात साखर मोकळी असते, यीस्ट ती लगेच खातं. लाकडातली साखर सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेली असते आणि भोवती लिग्निनचं चिवट आवरण असतं. साध्या यीस्टकडे या साखळ्या तोडणारं एन्झाइमच नसतं. म्हणून आधी वाफेच्या दाबाने किंवा आम्लाने लाकूड सैल करतात, मग सेल्युलेज एन्झाइमने साखळ्यांचं ग्लुकोज करतात, त्यानंतर यीस्टची पाळी येते. हे एन्झाइम देणारी ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडली, अमेरिकी सैन्याच्या कॅनव्हासचा फडशा पाडताना! एवढं करूनही लाकडातली झायलोज नावाची साखर साधं यीस्ट आंबवत नाही, त्यासाठी त्याच्या जनुकांत बदल करावे लागतात. तुमच्या मुलीने शेवटची पायरी आधी केली. तिच्या बाटलीत जे व्हायला हवं होतं तेच झालं.

पण तिलाही भुलवणार नाही. हा धंदा अजून अवघड आहे. अमेरिकेत आयोवामध्ये ड्यूपॉंटने मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करणारा मोठा कारखाना 2015 मध्ये उघडला, तो 2017 मध्ये बंद केला. आपल्याकडे पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला, तो भाताच्या पेंढ्यावर, आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. लाकूड पेंढ्याहून हट्टी. म्हणून 'इथेनॉल' या एका शब्दावर आयुष्य लावू नये. एन्झाइम आणि किण्वन, म्हणजे आंबवण्याचं शास्त्र, शिकावं, ते औषधं, लसी, खाद्यपदार्थ, सगळीकडे लागतं.

वाट सरळ आहे : बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी.; डिस्टिलरीकडेच जायचं असेल तर पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे.

पुढचं पत्र तिने लिहावं, तुम्ही नाही. भुसा सागाचा होता की आंब्याचा, किती बारीक होता, पाणी कोमट होतं का, ते कळवू दे. आम्ल हाताळणं आणि दारू गाळणं घरी अजिबात नको. वखारीतला पोतंभर भुसा मात्र तिच्यासाठी बाजूला ठेवा.