स्कॅनरची स्क्रीन काळीच? आधी लायटरचा फ्यूज बघा

प्रश्न : नमस्कार सर, माझी १९९९ मॉडेलची जुनी फोर्ड पिकअप आहे, पेट्रोल. चेक इंजिनचा लाइट लागून राहिलाय म्हणून गॅरेजला नेली तर दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर चालूच होईना, स्क्रीन काळीच राहते. तोच स्कॅनर दुसऱ्या गाडीला लावला तर लगेच चालला. गाडी बाकी मस्त स्टार्ट होते, पळते पण. मेकॅनिक म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, बदलायला लागेल. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर बघितलं तर डायग्नोस्टिक असं नाव कुठेच नाही. काय करू?

उत्तर : ईसीएम अजिबात बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. इंजिन नीट चालतंय म्हणजे ईसीएम काम करतोय. आणि दुसरं म्हणजे, हातातल्या स्कॅनरला बहुतेक वेळा स्वतःची बॅटरी नसते, त्याला करंट मिळतो तो स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधून, त्यातली १६ नंबरची पिन फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी बंद असली तरी तिथे १२ व्होल्ट असायलाच पाहिजेत. ईसीएम खरंच बोलत नसता तर स्क्रीन लागली असती आणि कनेक्ट होत नाही असा मेसेज आला असता. तुमची स्क्रीनच काळी आहे, म्हणजे सॉकेटला करंटच येत नाहीये, आणि त्यात फ्यूजचा नंबर पहिला.

तो तुम्हाला सापडला नाही कारण त्याचं नाव वेगळंच असतं. त्या काळच्या बऱ्याच पिकअपमध्ये, फोर्डमध्ये तर हमखास, हा सॉकेट आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात आणि झाकणावर फक्त सिगार लायटर किंवा पॉवर आउटलेट एवढंच छापलेलं असतं. म्हणून आधी लायटरमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. तोही मेला असेल तर निम्मं काम झालं.

आता फ्यूज. नुसता डोळ्यांनी बघून ठीक आहे म्हणू नका, आतली पट्टी कधीकधी इतकी बारीक तुटते की दिसतच नाही. टेस्ट लॅम्प, म्हणजे टोकदार दांडीत बल्ब आणि मागे क्लिपची वायर असलेला तपासणीचा दिवा, घ्या, त्याची क्लिप बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावर जे दोन बारीक धातूचे ठिपके असतात त्यांना टोक टेकवा. दोन्हीकडे लॅम्प लागला तर फ्यूज चांगला, एकीकडे लागला आणि दुसरीकडे नाही तर उडालाय, आणि कुठेच नाही लागला तर मागूनच करंट येत नाहीये, मग बोनेटखालच्या बॉक्समधला मोठा फ्यूज बघायचा.

बदलताना चावी बंद ठेवा, प्लास्टिकच्या चिमट्याने सरळ ओढा आणि त्याच अँपिअरचा बसवा. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच खरं, कारण आधीच्या मालकाने भलताच बसवला असू शकतो. आणि टिकत नाही म्हणून मोठा कधीच टाकू नका, चांदीचा कागद गुंडाळून तर नाहीच नाही, फ्यूज वायरला वाचवायला असतो, तो उडाला नाही तर वायर तापते आणि डॅशबोर्डच्या आत आग लागते. हे मी कळकळीने सांगतोय.

मग तो उडाला कशाने हेही शोधलंच पाहिजे. लायटरच्या भोकात टॉर्च मारून बघा, सुटं नाणं किंवा चार्जरच्या टोकाची तुटलेली स्प्रिंग आत पडलेली सापडते आणि तीच मधल्या टोकाला आणि कडेला एकदम टेकून शॉर्ट करते. काढताना फ्यूज बाहेर हवा. तिथे काही नसेल तर डायग्नोस्टिक सॉकेटच्या मागे हात घाला, जीपीएस ट्रॅकर नाहीतर डॅशकॅम बसवताना कुणीतरी तिथूनच जोड घेतलेला असतो आणि त्याची टेप सुटलेली असते. नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर एकामागून एक फ्यूज जाळत बसू नका, फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा साधा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट असेल तर तो भगभगीत पेटतो, आता एकेक जोड काढत चला, ज्याला हलवल्यावर बल्ब विझेल किंवा लुकलुकेल तिथेच दुखणं आहे.

फ्यूज चांगला निघाला तर मल्टीमीटर घ्या. सॉकेटची रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून चौथी पिन बॉडी अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह), आणि खालच्या ओळीतली सगळ्यात उजवीकडची १६ नंबर. या दोघींमध्ये १२ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. १६ नंबर ते बॉडी दाखवतोय पण चार नंबरशी दाखवत नाही, तर अर्थची वायर तुटलीये.

फ्यूज बदलल्याने चेक इंजिनचा लाइट जाणार नाही हं, तो दोष वेगळा आहे. आणि स्कॅन होईपर्यंत बॅटरीचं टर्मिनल काढू नका, साठलेले कोड पुसले गेले तर मूळ दोष शोधायला परत पहिल्यापासून सुरुवात.

प्रश्न : माझ्या १९९३ च्या शेवरले पिकअपला (पेट्रोल) १६ पिनांचा सॉकेटच नाही, मग?

उत्तर : नसणारच, अमेरिकेत तो सगळ्या गाड्यांना सक्तीचा झाला १९९६ मॉडेलपासून. तुमच्याकडे १२ पिनांचा सॉकेट असेल, त्यातल्या ए आणि बी या वरच्या ओळीतल्या शेजारच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा आणि चावी नुसती ऑन करा, इंजिन स्टार्ट करू नका. चेक इंजिनचा लाइट एकदा लुकलुकेल, थांबेल, मग दोनदा, हा कोड १२, म्हणजे यंत्रणा शाबूत आहे. तो तीनदा येतो आणि मग खरे कोड सुरू होतात, ते लिहून घ्या.