लोडरची बकेट मातीत शिरत नसेल तर आधी नांगर लावा

तुम्ही विचारलंय, ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला लोडर (पुढे बसणारी, माती उचलायची बकेट) बसवला, पण रानातला उंचवटा काढायला गेलं की बकेट आत शिरत नाही, मागची चाकं जागेवरच फिरतात. ट्रॅक्टर कमी पडतोय का?

ट्रॅक्टर पुरेसा आहे. लोडर सुटी माती उचलायला असतो, घट्ट रान फोडायला नव्हे. आमचं रान मोहोळ तालुक्यात. एप्रिलमध्ये इथली काळी जमीन वाळून दगड होते. तिच्यात बकेट रेटली की मार पुढच्या एक्सलवर आणि लोडरच्या पिनांवर बसतो. आधी पलटी नांगराने उंचवटा थराथराने फोडा, मग ढेकळं भरा. वळवाच्या पावसानंतर वाफसा आला असेल, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असेल, तर फारच छान, पण चिखलात जाऊ नका. काळी माती बकेटला अशी चिकटते की निम्मी खालीच पडत नाही.

आणि वरची वीतभर माती कृपा करून वेगळ्या ढिगात ठेवा. सपाटीकरण झालं की तीच वर पसरायची. ती खाली गाडून मुरूम वर आला तर त्या तुकड्यात शाळू वाढत नाही, हे आमच्या बांधाशेजारीच बघतोय.

भरताना बकेट जमिनीला जवळपास समांतर, गिअर लो, ढिगात सरळ शिरायचं. आत असताना स्टिअरिंग वळवू नका. बकेट भरत आली की मागे कलती करत उचला.

चाकं फिरतात कारण पुढे भार आला की मागचा भाग हलका होतो. १० घनफुटांची बकेट भरली तर माती चारशे किलोच्या आसपास जाते. म्हणून मागे रोटाव्हेटर अडकवा किंवा मागच्या टायरमध्ये पाणी भरून घ्या.

बकेट उंच ठेवून मात्र चालवू नका. दोन वर्षांपूर्वी मी डोक्याइतकी उचलून ट्रॉलीकडे निघालो, पुढचं चाक सरीत गेलं आणि मागचं वीतभर हवेत. पुढचा एक्सल मधल्या एकाच पिनेवर डोलतो, त्यामुळे तो तोल सावरत नाही. त्या दिवशी बकेट झटकन खाली सोडली म्हणून वाचलो. आता ती गुडघ्याखालीच असते, ट्रॉलीजवळ पोचल्यावरच वर. भरलेली बकेट घेऊन उतार उतरायचा तर रिव्हर्समध्ये उतरा.