‘पुस्तक ३३’ म्हणजे पुस्तक नव्हे

प्रिय,

तुझा मेसेज काल रात्री उशिरा पाहिला. वाचकांसाठी दुसऱ्या ग्रंथालयांकडे पुस्तकांच्या तीन मागण्या पाठवल्या, तिन्ही ‘नोंद सापडत नाही’ म्हणून परत आल्या, आणि आता वाचकांना काय तोंड दाखवू, असं तू लिहिलं आहेस. फोनच केला असता, पण फोनवर मी विषय सोडून भरकटते हे तुला ठाऊक आहे. शिवाय यातलं काही तुला पुन्हा काढून बघावं लागेल. म्हणून लिहूनच पाठवते.

वाचकांनी दिलेल्या मागणीच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाहिले. पहिल्या चिठ्ठीवर वाचकाने ‘विविधज्ञान, पुस्तक ३३’ एवढंच लिहिलंय आणि तू ते जसंच्या तसं टंकून पाठवलंस. मला हसू आलं, कारण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी नेमकी हीच चूक मी केली होती. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक, १८६७ साली सुरू झालेलं. आज आपण मासिकाच्या पाठीवर ‘वर्ष’ किंवा ‘खंड’ लिहितो, तिथे त्या काळी ‘पुस्तक’ लिहीत. म्हणजे ‘पुस्तक ३३’ हा मासिकाचा तेहतिसावा खंड. पलीकडचा माणूस बिचारा ‘विविधज्ञान’ नावाचा ग्रंथ शोधणार, तो त्याला कसा मिळावा?

माझ्या वेळी वाचक एक निवृत्त संस्कृत शिक्षक होते. दर सोमवारी यायचे, काउंटरपाशी उभे राहून ‘आलं का?’ विचारायचे आणि मी ‘अजून नाही, सर’ म्हणायचे. असे पाच सोमवार गेले. सहाव्या सोमवारी त्यांनी पिशवीतून वही काढली. त्यात त्यांनी कुठल्याशा प्रबंधातली तळटीप उतरवून घेतली होती: मासिकाचं नाव, पुस्तक, अंक, पृष्ठ, सगळं. ती वही पहिल्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत होती. मी मागितली नव्हती.

तेव्हापासून चिठ्ठी हातात आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: हा संदर्भ तुम्हाला मिळाला कुठे? वाचक चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहीत नाही, त्याला जे आठवतं ते लिहितो. मूळ पानाचा मोबाइलवर फोटो काढून आणायला सांग. निम्म्या मागण्या तिथेच दुरुस्त होतात.

आणि लेख हवा असेल तर लेखच माग, अख्खा खंड मागू नकोस. जीर्ण बांधणीचा खंड कुणी पोस्टाने पाठवणार नाही, पाठवूही नये. लेखाचं शीर्षक, लेखक, महिना, साल, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत, एवढं दिलंस की तिकडचा सहायक दहा मिनिटांत स्कॅन करून देतो. यातलं काही राहिलं तर त्याला खंड चाळत बसावं लागतं. त्यालाही त्याचा काउंटर सांभाळायचा असतो.

दुसरी चिठ्ठी. मुंबईत छापलेलं शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, पुस्तक, साल १८०८. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांचं शिळाछाप पंचांग निघालं १८३१ मध्ये. मग त्याच्या तेवीस वर्षं आधीचं शिळाछाप पुस्तक समोर आलं की शंका यायलाच हवी. हे शके आहे. १८०८ मध्ये ७८ मिळवले की १८८६ येतं, आणि ते अगदी पटण्यासारखं आहे. (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला ७९ मिळवायचे, पण सालापुरतं ७८ वर भागतं.) मागणीत दोन्ही सालं लिही. तिकडे नोंद करणाऱ्याने कुठलं साल टाकलंय, हे तुला इथे बसून कळणार नाही.

आता रोमन लिपीचं दुखणं. आपल्या पुस्तकांच्या नोंदी बऱ्याच संघतालिकांमध्ये, म्हणजे अनेक ग्रंथालयांच्या एकत्र याद्यांमध्ये, रोमन अक्षरांत आहेत. ‘ज्ञ’ आपण मराठी माणसं डीएनवाय असा लिहितो, हिंदीच्या सवयीचे लोक जीवाय लिहितात, अभ्यासकांच्या पद्धतीत तो जेएन होतो. अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांच्या लिप्यंतरात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ ठेवतात, म्हणून ‘विस्तार’च्या शेवटी एक जादा ए येतो, ‘इतिहास’च्याही. शोधयंत्र पूर्ण शब्द जुळवून बघणारं असेल तर एका अक्षरावरून ‘शून्य नोंदी’. वर ‘विविधज्ञानविस्तार’ एक शब्द, दोन की तीन, यावरही एकमत नाही. मी एका कार्डावर अशा शब्दांची सगळी रूपं लिहून ते काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं. कवींची टोपणनावंही त्यावरच होती. ‘गोविंदाग्रज’ शोधून काही मिळालं नाही तर ‘गडकरी’ बघायचं, हे सकाळच्या घाईत सुचत नाही गं.

बाहेर मागणी टाकण्याआधी आपलं घर धुंडाळ. हे ऐकायला अपमानास्पद वाटेल, पण मी दुसऱ्या गावाहून मागवलेलं एक पुस्तक आमच्याच बांधणी विभागात चार महिने पडून होतं. मग शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार बघ. प्रबंध हवा असेल तर बऱ्याचदा काम तिथेच संपतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनं त्यांच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत. वाचकाला आज संध्याकाळी पडद्यावर मिळणार असेल ते तीन आठवड्यांनी पोस्टाने आणून देण्यात कसली शेखी? मात्र त्याला छापील प्रतच हवी असेल, डोळ्यांमुळे म्हण किंवा आणखी कशामुळे, तर ते कारणही पुरेसं आहे. वाद घालू नकोस.

त्यानंतर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची इंडकॅट ही विद्यापीठ ग्रंथालयांची संघतालिका बघ, आणि तुमचं कॉलेज सभासद असेल तर दिल्लीचं डेलनेट हे ग्रंथालयांचं जाळं. डेलनेट १९८८ साली सुरू झालं तेच मुळी ग्रंथालयांनी आपापसात पुस्तकं वापरावीत म्हणून. पण मराठीसाठी या दोन्हींवर थांबू नकोस. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. अशा जुन्या वाचनालयांतली बरीच पुस्तकं कुठल्याही संघतालिकेत सापडत नाहीत. काही ठिकाणी अजून दाखलवही, म्हणजे आलेलं पुस्तक हाताने नोंदवायची वही, हीच तालिका. तिथे फोनच करावा लागतो, आणि बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात, म्हणून सकाळी. नाव, गाव, काम सांग, पुस्तकाचा तपशील वाचून दाखव, आणि ‘बघून ठेवा, मी परवा परत फोन करते’ म्हण. परवा खरंच कर.

१९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत द्यायची असते. त्यातलं एक आपल्या मुंबईत. पण कायदा आहे म्हणून प्रत असेलच असं धरून चालू नकोस, आणि असली तरी ती बहुतेक तिथेच बसून वाचायची असते. वाचकाला तसं आधीच सांग.

झेरॉक्सबद्दल विचारलं होतंस. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली असतील तर आपल्याकडे प्रताधिकाराचा प्रश्न उरत नाही. तेवढी वर्षं झाली नसतील तर संशोधनासाठी लेखाची एखादी प्रत वाचकाला देणं वेगळं आणि बाजारात मिळणारं पुस्तक अख्खं कॉपी करणं वेगळं. सार्वजनिक ग्रंथालयाला तीन प्रतींपर्यंत मुभा आहे, पण ते पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तरच, आणि त्या प्रती ग्रंथालयाच्या वापरासाठी. नातेवाइकांना वाटायला नव्हे. कुणी प्राध्यापक काउंटरवर आवाज चढवतील. चढवू देत.

पुस्तक आलं की एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव: पलीकडच्या ग्रंथालयाला तुझा वाचक माहीत नाही. त्यांनी पुस्तक दिलंय ते तुमच्या ग्रंथालयाच्या शब्दावर. ते हरवलं तर पत्र प्राचार्यांच्या नावे येतं, आणि पुढच्या पाच वाचकांच्या मागण्या ‘सध्या शक्य नाही’ म्हणून परत येतात. म्हणून त्यांची परतीची तारीख आणि वाचकाला दिलेली तारीख यांत मी कायम आठ दिवसांचं अंतर ठेवत असे. पाकीट उघडताच वाचकासमोर पानं मोज, फाटकी असतील तर लिहून ठेव. त्यांनी पुस्तकावर लावलेली चिठ्ठी काढू नकोस, शिक्का मारू नकोस, डिंकाची टेप लावू नकोस. ‘ग्रंथालयातच वाचावे’ अशी अट असेल तर ती तुमच्या विभागप्रमुखांनाही लागू आहे. त्यांना हे सांगायला जड जातं. मला जायचं.

पोस्टाचे नियम बदललेत, जुन्या लोकांचं ऐकून फसू नकोस. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर, वर कर. स्वस्त आहे, पण जमिनीवरून जातं, वेळ लागतो. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्येच स्पीड पोस्टात विलीन झालं. दुसऱ्याचं पुस्तक परत करताना मी तरी स्पीड पोस्टच निवडेन, आणि आत प्लॅस्टिकची पिशवी घालेन. जुलैत तर नक्कीच.

कोण काय मागवतंय हे स्टाफरूममध्ये बोलू नकोस. एका बाईंनी घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक मागवलं होतं आणि आमच्या शिपायाने ते चहाच्या टपरीवर सांगितलं. बाई पुन्हा आल्या नाहीत.

तिसरी चिठ्ठी राहिली. दिवाळी अंकातली कथा, लेखिकेचं नाव आहे, पण साल नाही. ही मात्र खरोखर अवघड आहे. पुष्कळ वाचनालयं दिवाळी अंक वर्षभर घरोघरी फिरवतात आणि मग रद्दीत घालतात. बांधून ठेवणारी थोडी. म्हणून अंकामागे धावण्याआधी त्या लेखिकेचे कथासंग्रह काढ. पूर्वप्रसिद्धीची यादी बऱ्याचदा सुरुवातीच्या नाही तर शेवटच्या पानावर असते. कथा संग्रहात आली असेल तर वाचकाचं काम तिथेच होईल, नसेल तर निदान दशक हाती लागेल.

त्या वाचक बाईंना आजच फोन कर. मागणी परत आली हे आधी सांग, आणि मग विचार: कथा तुम्ही कुठल्या घरात असताना वाचली होती? माणसांना साल आठवत नाही, घर आठवतं.

उत्तर काय आलं ते कळव. आणि १८८६ घालून दुसरी मागणी आजच पाठव, शनिवारची वाट बघू नकोस.

तुझी,
मॅडम