'कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी' : दोष निळ्या झालेल्या शब्दाचा नसतो

आपली अडचण मला समजली ती अशी. पगारपत्रकाची एक्सेल फाइल आपल्या संगणकावर बिनतक्रार चालते. परंतु तीच फाइल सहकाऱ्याच्या संगणकावर उघडून बटण दाबताच 'कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी' असा संदेश येतो आणि कोडमधला 'डेट' हा शब्द निळा होतो. 'डेट' तर व्हीबीएचा (एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचा) स्वतःचा शब्द आहे, मग तो सापडत नाही म्हणजे काय, असे आपण विचारले आहे. ऑफिस काढून पुन्हा टाकल्यावरही फरक पडला नाही, असेही आपण लिहिले आहे.

'डेट' निर्दोष आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला हा प्रकार आहे. प्रत्येक एक्सेल फाइल आपल्या मॅक्रोसोबत लायब्रऱ्यांची, म्हणजे तयार आज्ञांच्या संचांची, एक यादी बाळगते (यादीतल्या प्रत्येक नोंदीला रेफरन्स म्हणतात) आणि कोडमधल्या प्रत्येक नावाचा अर्थ त्या यादीच्या आधारे ठरतो. आपण नुसते 'डेट', 'लेफ्ट', 'फॉरमॅट' किंवा 'ट्रिम' असे लिहितो, तेव्हा ते कोणत्या लायब्ररीतले हे सांगत नाही. ते ठरवण्याचे काम कंपाइलरवर, म्हणजे कोड चालण्याआधी तो तपासणाऱ्या भागावर, सोडतो. यादीतली एखादी लायब्ररी त्या संगणकावर नसेल, तर कंपाइलर अशा मोकळ्या नावांपाशी अडतो आणि ज्या शब्दापाशी अडला तो शब्द निळा करून दाखवतो. त्या शब्दाचा आणि हरवलेल्या लायब्ररीचा बहुतेक वेळा काडीचाही संबंध नसतो. त्यामुळेच 'डेट'च्या आधी 'व्हीबीए' आणि टिंब लिहिले की ती ओळ पुढे जाते आणि संदेश खालच्या 'लेफ्ट'वर किंवा 'मिड'वर जाऊन बसतो. हा उपाय अनेक जण सुचवतात. तो चुकीचा नाही, पण गळणाऱ्या छपराखाली एकेक भांडे मांडत जाण्यासारखा आहे.

खरा दोष पाहण्यासाठी सहकाऱ्याच्याच संगणकावर बसावे लागेल, कारण आपल्या संगणकावर यादी ठणठणीतच दिसणार. तेथे ऑल्ट आणि एफ११ दाबून कोडची खिडकी उघडा, 'टूल्स' मेनूमध्ये जा आणि 'रेफरन्सेस' निवडा. ही ओळ फिकट दिसत असेल तर मॅक्रो अर्धवट थांबलेला आहे असे समजावे. निळ्या चौकोनाचे 'रिसेट' बटण दाबल्यावर ती उघडते. यादीत टिक केलेल्या लायब्रऱ्या वर असतात आणि त्यांपैकी हरवलेलीच्या नावाआधी मोठ्या अक्षरांत 'मिसिंग' असे लिहिलेले असते. त्या ओळीवर क्लिक केल्यावर खाली फाइलचा मार्ग दिसतो. नाव आणि मार्ग दोन्ही कागदावर उतरवून घ्या आणि मगच पुढे काही करा. टिक काढल्यावर ती ओळ यादीतून नाहीशी होऊ शकते आणि मग काय काढले हेच आठवत नाही.

त्यानंतर टिक काढा, 'डीबग' मेनूमधील 'कंपाइल' चालवा आणि काय होते ते पाहा. पुष्कळदा काहीच होत नाही, म्हणजे ती लायब्ररी कोडमध्ये वापरलेलीच नसते. कोणीतरी कधीतरी एखादा नमुना चिकटवताना टिक केलेली असते आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहते. असे असेल तर फाइल जतन करा, काम संपले. कंपाइल मात्र 'युझर डिफाइन्ड टाइप नॉट डिफाइन्ड' असे म्हणून एखाद्या 'डिम' ओळीवर (जिथे चलाचे नाव आणि प्रकार सांगतात) थांबले, तर लायब्ररी खरोखर लागते आहे.

आता मुळात ती हरवली का? ऑफिसच्या आवृत्त्यांचे अंतर्गत क्रमांक असे आहेत: २००७ चा १२, २०१० चा १४, २०१३ चा १५ आणि २०१६ पासून पुढच्या सगळ्यांचा १६. (तेरा हा आकडा गाळलेला आहे.) जुन्या ऑफिसमध्ये तयार केलेली फाइल नव्यात उघडली की आउटलुक, वर्ड यांसारख्या लायब्रऱ्यांचे रेफरन्स आपोआप वरच्या क्रमांकावर चढतात, परंतु नव्यात जतन झालेली फाइल जुन्यात उघडली तर ते खाली उतरत नाहीत. एक्सेलची स्वतःची लायब्ररी जुळवून घेते, शेजाऱ्यांच्या लायब्रऱ्या घेत नाहीत. सामायिक फोल्डरमधल्या फाइलींबाबत 'काल चालत होती, आज चालत नाही, कोडला कोणी हात लावलेला नाही' अशी तक्रार येते, तिच्यामागे बहुधा हेच असते: मधल्या काळात कोणीतरी नव्या ऑफिसमध्ये फाइल उघडून नुसती जतन केलेली असते. आपली फाइल पगाराच्या चिठ्ठ्या ईमेलने पाठवते असे आपण लिहिले आहे, म्हणून माझा पहिला संशय आउटलुकच्या लायब्ररीवर आहे. ऑफिस पुन्हा टाकूनही उपयोग का झाला नाही, हेही यावरून कळेल. जुने ऑफिस कितीदाही टाकले तरी त्यात नव्या क्रमांकाची लायब्ररी येणार नाही.

सहकाऱ्याच्या संगणकावर खालच्या क्रमांकाची टिक करून काम भागते, परंतु तीच फाइल पुन्हा आपल्याकडे आली आणि जतन झाली की रेफरन्स परत वर चढतो. म्हणून आउटलुक, वर्ड यांसारख्या लायब्रऱ्यांचा रेफरन्स ठेवूच नये आणि त्यांची वस्तू (ऑब्जेक्ट) मॅक्रो चालू असतानाच मागवावी, असे माझे मत आहे. याला लेट बाइंडिंग म्हणतात. आपल्या कोडमध्ये सध्या असे काहीसे असेल (इथे देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे):

डिम ओएल ॲज न्यू आउटलुक.ॲप्लिकेशन

त्याऐवजी दोन ओळी लिहाव्यात:

डिम ओएल ॲज ऑब्जेक्ट
सेट ओएल = क्रिएटऑब्जेक्ट("आउटलुक.ॲप्लिकेशन")

मेलसाठी घेतलेल्या चलाचा प्रकारही 'आउटलुक.मेलआयटम' न ठेवता नुसता 'ऑब्जेक्ट' करावा. अवतरणचिन्हांतल्या नावात आवृत्तीचा क्रमांक नाही, हेच यातले मर्म आहे. त्या संगणकावर जे आउटलुक असेल ते मिळते. यानंतर रेफरन्सची टिक काढून टाकावी.

येथे एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. लायब्ररी काढली की तिच्यातल्या स्थिरांकांची, म्हणजे ठरावीक आकड्यांना दिलेली, नावेही जातात. वर्डमधून पीडीएफ जतन करताना 'डब्ल्यूडी-फॉरमॅट-पीडीएफ' हा स्थिरांक वापरतात, त्याची किंमत १७ आहे. मी रेफरन्स काढला, कोड बदलला, चालवून पाहिला. कोठेही त्रुटी आली नाही, आणि साठ-सत्तर चिठ्ठ्या पीडीएफ नावाने फोल्डरमध्ये हजर झाल्या. त्यांपैकी एकही उघडेना. कारण असे की मॉड्यूलच्या (कोडच्या पानाच्या) डोक्यावर 'ऑप्शन एक्सप्लिसिट' ही, आधी न सांगितलेले नाव अडवणारी, ओळ लिहिलेली नव्हती, त्यामुळे ते नाव व्हीबीएने नवे, रिकामे चल मानले, रिकाम्याची किंमत शून्य झाली, आणि वर्डच्या हिशेबी शून्य म्हणजे त्याचे जुने डॉक स्वरूप. नाव पीडीएफचे, आत वर्डची फाइल. मेलसाठी लागणाऱ्या 'ओएल-मेल-आयटम'ची खरी किंमत शून्यच असल्यामुळे ती ओळ मात्र योगायोगाने बरोबर चालत राहिली, आणि म्हणूनच मला शंका यायला संपूर्ण दुपार गेली. तात्पर्य म्हणून नव्हे, तर सवय म्हणून सांगतो: आधी 'ऑप्शन एक्सप्लिसिट' लिहा, मग रेफरन्स काढा, मग कंपाइल करा. जी जी नावे अडतील त्यांची किंमत जुन्या कोडमध्ये, रेफरन्स शाबूत असलेल्या संगणकावर, एफ२ दाबून उघडणाऱ्या ऑब्जेक्ट ब्राउझरमध्ये पाहा आणि मॉड्यूलच्या वरच्या भागात 'कॉन्स्ट' म्हणून लिहून ठेवा.

लेट बाइंडिंगचे तोटेही आहेत. टिंब दिल्यावर उघडणारी सूचनांची यादी मिळत नाही, आणि शब्दलेखनाची चूक कंपाइल करताना न सापडता चालवताना सापडते. त्यामुळे मी कोड लिहिताना रेफरन्स ठेवतो आणि फाइल इतरांच्या हाती देण्यापूर्वी काढतो. वेग थोडा कमी होतो, पण शे-दोनशे मेल पाठवण्याच्या कामात तो जाणवत नाही.

प्रत्येक लायब्ररीला हे करण्याची गरज नाही. 'डिक्शनरी'साठी (नावानुसार माहिती साठवणाऱ्या वस्तूसाठी) लागणारी स्क्रिप्टिंग रनटाइम विंडोजसोबतच येते, त्यामुळे विंडोजवर ती हरवल्याचे क्वचितच दिसते. मॅकवर मात्र ती मुळातच नाही आणि तेथे लेट बाइंडिंगही तिला आणू शकत नाही. डेटाबेसशी बोलणाऱ्या एडीओचे तसे नाही. तिच्या ६.१ या आवृत्तीवर टिक असेल तर ती विंडोज ७ च्या आधीच्या संगणकावर सापडणार नाही. जुनी यंत्रे अजून वापरात असतील तर २.८ निवडलेली बरी. सॉल्व्हर या एक्सेलच्या जोड-साधनाचा (ॲड-इनचा) रेफरन्स तुटला असेल तर आधी एक्सेलच्या पर्यायांतून ते ॲड-इन सुरू करा. बहुतेकदा तेवढे पुरते.

'मिसिंग'पुढे 'कॉमन कंट्रोल्स २' असे नाव दिसले तर मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि ती आधी तपासावी. तारीख निवडण्याचा डेट पिकर त्या लायब्ररीत आहे आणि ती केवळ ३२ बिट ऑफिसमध्ये चालते. ऑफिसची ६४ बिट आवृत्ती २०१० पासून मिळू लागली आणि २०१९ पासून तीच डिफॉल्ट म्हणून बसते, त्यामुळे नवा संगणक आला की अशा फाइली बंद पडतात. विंडोज ६४ बिट आहे की नाही याने येथे काही ठरत नाही; ऑफिस कोणते आहे ते 'फाइल', 'अकाउंट' आणि 'अबाउट एक्सेल' येथे पाहावे. ऑफिस ३२ बिट असेल तर त्या लायब्ररीची ओसीएक्स फाइल 'सिसवॉव६४' फोल्डरमध्ये ठेवून त्याच फोल्डरमधल्या 'रेगएसव्हीआर३२' या नोंदणीच्या साधनाने, प्रशासकाच्या अधिकाराने, नोंदवता येते. (६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिट फाइली ज्या फोल्डरमध्ये राहतात त्याच्या नावात ६४ आहे, हे नाव ठेवणाऱ्याला माझा दंडवत.) ऑफिस ६४ बिट असेल तर नोंदणीचा खटाटोप करू नका. डेट पिकर काढून साधी टेक्स्ट बॉक्स ठेवा आणि व्हीबीएच्या 'इझडेट'ने तारीख तपासा. कोणत्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून ओसीएक्स उतरवून पगाराच्या संगणकावर टाकणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

तुटलेले रेफरन्स मॅक्रोनेच शोधून काढून टाकावेत, असा कोडही आपल्याला सापडेल. त्यात 'इझब्रोकन' हा गुणधर्म तपासतात. मी तो वापरत नाही. त्यासाठी एक्सेलच्या ट्रस्ट सेंटर या सुरक्षेच्या पर्यायांत जाऊन व्हीबीए प्रकल्पावर कोडला प्रवेश द्यावा लागतो, आणि तो प्रत्येक संगणकावर वेगळा द्यावा लागतो. शिवाय ज्या प्रकल्पात कंपाइलच अडते आहे, त्यातला दुरुस्तीचा कोड तरी सुरळीत चालेल याचा भरवसा नसतो.

प्रकल्पाला पासवर्ड असेल आणि ज्याने फाइल लिहिली तो नोकरी सोडून गेला असेल, तर यांपैकी काहीही करण्याआधी त्याला फोन करावा लागेल. आणि एखाद्या कारणाने रेफरन्स ठेवणे भागच असेल, तर टिक आपल्या कार्यालयातल्या सर्वांत जुन्या ऑफिसवर बसून करा, तेथेच जतन करा आणि ती प्रत 'रीड-ओन्ली' करून सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे नव्या संगणकावर उघडणाऱ्याला ती चुकून वरच्या क्रमांकावर नेऊन ठेवता येणार नाही.