सिटीइंजिनमध्ये घोडबंदर रस्त्याचे चौक का विस्कटतात? रस्ते हाताने रेखावेत काय?

तुमचा प्रश्न मला असा समजला: वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कापूरबावडी ते मानपाडा हा ठाण्यातील घोडबंदर रस्त्याचा पट्टा तुम्ही सिटीइंजिनमध्ये, म्हणजे नियमांवरून त्रिमितीय शहर उभारणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उभारत आहात. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरून रस्ते आणल्यावर चौकांतील पृष्ठभाग एकमेकांत घुसले, उड्डाणपूल खालच्या रस्त्यावरच पसरले आणि रुंदी कुठेच जुळेना. हे सारे टाकून देऊन प्रत्येक रस्ता त्रिमितीत हातानेच रेखावा काय, असे तुम्ही विचारले आहे.

तसे करू नका. मी ठाण्यातच भौगोलिक नकाशांचे काम करतो आणि नौपाड्यातील गोखले रस्ता, राम मारुती रस्ता व त्यांना मिळणाऱ्या गल्ल्या याच सॉफ्टवेअरमध्ये उभारल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की, बिघाड त्रिमितीय पृष्ठभागात दिसत असला तरी त्याचे मूळ जवळजवळ नेहमी मध्यरेषेत, म्हणजे नकाशात रस्ता दाखवणाऱ्या मधल्या रेषेत, असते. पृष्ठभाग हाताने दुरुस्त केला आणि नंतर एक रुंदी बदलावी लागली, की सारी दुरुस्ती वाया जाते. मध्यरेषा दुरुस्त केली तर पृष्ठभाग आपोआप नव्याने तयार होतो.

हे सॉफ्टवेअर असे का वागते, हे त्याच्या जन्मकथेत आहे. योआव पॅरिश आणि पास्कल म्युलर यांनी २००१ साली मांडलेल्या शोधनिबंधात आधी रस्त्यांचे जाळे, मग त्या जाळ्यातील भूखंड आणि शेवटी इमारती असा क्रम होता. त्या संशोधनातून झुरिकमध्ये सिटीइंजिन उभे राहिले आणि २०११ मध्ये ते एस्री कंपनीकडे गेले. क्रम मात्र तोच राहिला. त्याच्या दृष्टीने रस्ता म्हणजे दोन नोडमधला (जोडबिंदूंमधला) एक सेगमेंट (तुकडा) असून डांबर, पदपथ आणि चौकाचा पृष्ठभाग या गोष्टी त्या सेगमेंटच्या गुणांवरून काढल्या जातात. शहर कोऱ्या कागदावर वसवायचे असेल तर ही पद्धत उत्तम चालते. सिडकोने १९७० नंतर सेक्टर पाडून वसवलेल्या वाशी-नेरूळसारख्या भागातही ती फारशी अडत नाही. ठाण्यासारख्या, आधीच्या रस्त्यांवर नवे रस्ते चढत गेलेल्या शहरात मात्र जाळे तिला समजेल अशा रूपात आपल्यालाच आणून द्यावे लागते.

सर्वांत आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत, तपासा, कारण रुंदी न जुळण्याचे ते एक कारण असू शकते. संकेतस्थळांवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात आणि त्या प्रक्षेपणात विषुववृत्तापासून दूर जाऊ तशी लांबी फुगत जाते. ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे ती फूग जवळजवळ ६ टक्के भरते, म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर दृश्यात १०६ मीटर होतात. माझा पहिला नमुना याच चुकीने बिघडला होता. फितीने मोजलेल्या रुंदीचे रस्ते मी फुगलेल्या मध्यरेषांवर बसवले, त्यामुळे समोरासमोरच्या इमारतींमधले अंतर कुठेच बरोबर येईना आणि ते कळेपर्यंत तीन आठवडे गेले. दृश्याची निर्देशांक प्रणाली यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा विभाग ४३ उत्तर (सॉफ्टवेअरमधला संकेतांक ईपीएसजी ३२६४३) अशी पहिल्या आयातीपूर्वीच ठरवा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही त्याच विभागात येतात.

आता चौक. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दुभाजक असलेला रस्ता दोन समांतर रेषांनी दाखवतात आणि सेवा रस्ता वेगळ्या रेषेने. त्यामुळे जेथे घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही मुख्य बाजू आणि दोन्ही सेवा रस्ते वेगळे रेखले आहेत, तेथे तो चार रेषांचा होतो. त्याला दुभाजक असलेला दुसरा रस्ता छेदून गेला, तर आपल्याला जो एक चौक दिसतो तो सॉफ्टवेअरला आठ नोड म्हणून दिसतो. प्रत्येक नोड स्वतःचा चौकाचा पृष्ठभाग आणि कोपऱ्यांची वळणे मागतो. दोन नोडमधले अंतर मात्र दहा-बारा मीटरच असते. रस्त्याच्या रुंदीपेक्षा आखूड सेगमेंटवर एवढे काही मावत नाही आणि पृष्ठभाग एकमेकांत घुसतात.

यावर उपाय आयातीपूर्वी करावा आणि तो क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये करणे सोयीचे पडते. दुभाजक अरुंद असेल तेथे मुख्य रस्त्याच्या दोन रेषांऐवजी मधोमध एकच रेषा घ्या, पूर्ण रुंदी तिला द्या आणि दुभाजक रूलमधून (आकार कसा काढायचा ते सांगणाऱ्या नियमातून) उभा करा. सेवा रस्ता स्वतंत्र रेषा म्हणून ठेवा. परंतु मुख्य रस्त्याच्या मध्यरेषेपासून त्याचे अंतर दोघांच्या अर्ध्या रुंदींच्या बेरजेपेक्षा जास्त आहे, याची खात्री करा. हे अंतर कमी भरत असेल तर दोहोंपैकी एक रुंदी चुकलेली आहे असे समजा आणि ती दाबून बसवण्याऐवजी पुन्हा मोजा. सेवा रस्त्याचे स्वरूप घोडबंदरवर सर्वत्र सारखे नाही, म्हणून नकाशा किती जुना आहे ते पाहून सध्याची स्थिती जागेवर जाऊन ताडून घ्यावी. एवढे झाल्यावर सॉफ्टवेअरमधील ग्राफ, म्हणजे रस्त्यांचे जाळे, स्वच्छ करण्याचे साधन चालवा, पण त्यातील जोडअंतर (ज्या अंतराच्या आतले नोड एकत्र जोडले जातात ते) एकदम मोठे ठेवू नका. ते मोठे ठेवले की शेजारच्या गल्ल्यांची तोंडेही एकमेकांना चिकटतात.

हे साधन चालवण्याआधी उड्डाणपुलांच्या रेषा वेगळ्या थरात काढणे आवश्यक आहे. मूळ नकाशात पूल आणि त्याखालचा रस्ता यांचा सामाईक नोड नसतो, म्हणजेच ते जोडलेले नाहीत ही माहिती तेथे असते. आयात झालेल्या सर्व रेषा मात्र एकाच पातळीवर सपाट पडतात आणि स्वच्छ करण्याचे साधन त्यांना एकमेकांना छेदणारे रस्ते समजून तेथे नवा चौक निर्माण करते. मानपाड्याच्या पुलाखाली तुम्हाला जो चमत्कारिक चौक दिसत असेल, तो बहुधा असाच तयार झाला असावा. ओपनस्ट्रीटमॅपमधील ‘लेयर’ या खुणेवरून उंची काढण्याचा प्रयत्न करू नका. कोणता रस्ता वर आणि कोणता खाली, एवढेच ती सांगते. २ हा आकडा म्हणजे दोन मजले किंवा दोन मीटर नव्हेत.

पुलाची उंची आपणच द्यायची असते आणि ती हिशेबाने देता येते. शहरातील रस्त्यावर पुलाखाली ५.५ मीटर मोकळी उंची धरतात. तुळई व पृष्ठभाग यांसाठी आणखी सुमारे दोन मीटर धरले, तर पुलाचा माथा साडेसात मीटरवर येतो. सपाट प्रदेशात चढ साधारणपणे ३० मीटरला १ मीटर यापेक्षा तीव्र ठेवत नाहीत, म्हणून एका बाजूचा चढच सुमारे २२५ मीटर लांब हवा. तुमच्या नमुन्यात हा चढ साठ-सत्तर मीटरमध्ये संपत असेल तर पुलाचे टोक चुकीच्या नोडवर बांधले गेले आहे, हे मोजपट्टी न लावताही कळते. पुलाचे आणि मेट्रो ४ चे खांब रस्त्याच्या ग्राफमध्ये आणू नका; बिंदूंचा वेगळा थर करून त्यावर ते उभे करा. ठाणे स्थानकाबाहेरचा सॅटिसचा (स्थानक परिसर वाहतूक सुधारणा योजनेचा) पूलही असाच स्वतंत्र थर म्हणून करावा लागतो, कारण तेथे वर बस आणि खाली रिक्षा असे दोन पूर्ण वेगळे व्यवहार चालतात.

जमिनीच्या उतारासाठी तुम्ही बहुधा मोफत मिळणारे ३० मीटरचे उंचीचे मॉडेल वापरले असेल. त्यातील एक चौकोन जवळजवळ संपूर्ण मुख्य रस्त्याएवढा रुंद आहे आणि दाट वस्तीत त्याच्या उंचीत छपरे व झाडेही मिसळलेली असतात. एका अंगाला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडीकडे उतरत जाणारी जमीन, अशा पट्ट्यात रस्ता त्यावर थेट टेकवला तर डांबराला लाटा येतात. रस्त्याच्या लांबीवर शंभर-शंभर मीटरवरची उंची घेऊन त्यांतून एक सौम्य चढउतार ठरवा, तो नोडना द्या आणि नंतर रस्ता जमिनीवर टेकवण्याऐवजी जमीन रस्त्याला जुळवून घ्या. सिटीइंजिनमध्ये भूपृष्ठ शेपना, म्हणजे तयार झालेल्या पृष्ठभागांना, जुळवण्याची सोय आहे.

पदपथाबद्दल मला थोडे अधिक बोलावेसे वाटते, कारण येथे नमुना देखणा असूनही खोटा ठरू शकतो. प्रत्येक सेगमेंटला डाव्या आणि उजव्या पदपथाची रुंदी हे दोन गुण असतात आणि डावे-उजवे ठरते ते रेषा ज्या दिशेने रेखली तिच्यावरून. आपण काही भरले नाही तरी सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंना नीटनेटका, सलग पदपथ काढून देते. नौपाड्याचा नमुना मी रहिवाशांना पहिल्यांदा दाखवला, तेव्हा एका वयस्कर बाईंनी शांतपणे विचारले की, हा पदपथ आमच्या इमारतीसमोर कधी झाला. तो तेथे नव्हता. मी ती चौकट भरायची विसरलो होतो. तेव्हापासून पदपथ नसेल तेथे मी न चुकता शून्य भरतो. असेल तेथे दोन आकडे नोंदवतो: बांधलेली रुंदी आणि टपऱ्या, वीजपेट्या, झाडांचे आळे वगळून माणसाला चालायला उरणारी रुंदी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार चालण्यासाठी निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी. दुसरा आकडा १.८ च्या खाली गेला की रंग बदलेल असा साधा रूल लिहिला, तर तुमच्या संपूर्ण पट्ट्याची अवस्था परीक्षकांना एका दृष्टिक्षेपात दिसेल. तुमच्या प्रकल्पात चित्रापेक्षा याला अधिक मोल मिळावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मार्गिकांचे पट्टे आणि झेब्रा यांसाठी एवढेच लक्षात ठेवा की, रस्त्याच्या शेपवर ‘यू’ ही दिशा लांबीची आणि ‘व्ही’ ही रुंदीची असते. तुटक पट्ट्यांसाठी लांबीची विभागणी मीटरमध्ये करा, नाहीतर लांब सेगमेंटवर पट्टे ताणले जातात. मार्गिका ३.५ मीटरची धरा. तयार रूल वापरणार असाल तर तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीवर बेतला आहे का ते पाहा. रस्त्यांनी वेढलेल्या जागेत भूखंड आपोआप पाडण्याची सोयही बंद ठेवा. खऱ्या इमारती तुम्ही वेगळ्या आणणार आहात.

मोजमापासाठी रविवारी सकाळी लवकर निघा आणि दोघे जा, म्हणजे एकाच्या हाती फीत आणि दुसऱ्याच्या हाती वही राहील. पदपथ आणि सेवा रस्ता जेथे जेथे रुंदी बदलतात त्या प्रत्येक ठिकाणी मोजा आणि त्याच ठिकाणी मध्यरेषेवर नोड पाडा. मुख्य रस्त्याची रुंदी मोजण्यासाठी वाहत्या रहदारीत उतरू नका. ती उपग्रहचित्रावरून घेतली तरी या कामाला पुरेशी आहे.