प्रथिने मोडतात, तरी फळमाशीची आठवण कशी टिकते?

आपण विचारले आहे की, मेंदूतील प्रथिने काही दिवसांत मोडून नवी बनत असतील, तर फळमाशीला आठवडाभरापूर्वीचा वास लक्षात कसा राहतो?

एम.एस्सी.च्या प्रकल्पात हे प्रयोग मी केले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मंद लाल उजेडात, जो माश्यांना जवळजवळ दिसतच नाही, शंभरेक माश्या तांब्याची जाळी लावलेल्या नळीत टिचक्या मारून उतरवायच्या, एका वासासोबत विजेचे झटके द्यायचे आणि दुसरा वास झटक्यांविना सोडायचा. अशा १० फेऱ्या सलग दिल्या, तर आठवण चारेक दिवसांत विरते. दर दोन फेऱ्यांमध्ये १५ मिनिटांची विश्रांती दिली, तर ती सात दिवसांनंतरही आढळते. प्रथिननिर्मिती रोखणारे सायक्लोहेक्झिमाइड आधी खाऊ घातले, की विश्रांतीने मिळणारा हा टिकाऊपणा जातो, हे १९९४ मध्ये दिसून आले.

यामागील रसायनाचा पहिला धागा १९७६ च्या ‘डन्स’ या उत्परिवर्ती माशीने दिला. तिच्यात सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत संदेश पोहोचवणारा रेणू मोडणारे विकर सदोष असते, तर ‘रुटाबागा’ माशीत ते बनवणारे. आणि शिकण्यात दोघीही मठ्ठ. हाच संदेश पुढे क्रेब या प्रथिनामार्फत केंद्रकातील जनुके चालू करतो. (क्रेब वाढवले की एकाच फेरीत पक्की आठवण बनते, या १९९५ च्या गाजलेल्या निष्कर्षावर मात्र विसंबू नये, त्यासाठी वापरलेले जनुकच सदोष असल्याचे २००४ मध्ये आढळले.)

आपल्या प्रश्नाचा गाभा मात्र ‘ऑर्ब२’ या प्रथिनाशी येऊन थांबतो. त्याचा पुरावा बराचसा निराळ्या प्रयोगातून आला आहे: समागम झालेल्या मादीने वारंवार झिडकारलेला नर पुढे कित्येक दिवस प्रणयाराधनात हात आखडता घेतो. सुटे असताना ऑर्ब२ विशिष्ट संदेशवाही आरएनएंपासून (म्हणजे जनुकांच्या नकलांपासून) प्रथिने बनू देत नाही. त्याचे रेणू एकमेकांत गुंफून अमायलॉइड तंतू झाले, की तेच ती निर्मिती वाढवते. हा तंतू विरजणासारखा वागतो, म्हणजे नव्याने बनलेल्या सुट्या रेणूंना आपल्याच घडीत ओढून घेतो, त्यामुळे एकेक रेणू मोडला तरी घडी शिल्लक राहते. संशोधक कौशिक सी यांच्या गटाने २०१२ मध्ये या प्रथिनाच्या एका प्रकारातील एकच अमिनो आम्ल बदलले, तेव्हा आठवण बनली, पण दोनेक दिवसांपलीकडे टिकली नाही. पुढे २०२० मध्ये याच गटाने सुमारे ३० लाख माश्यांच्या डोक्यांतून हे तंतू वेगळे काढून त्यांची रचना पाहिली. अल्झायमरमुळे बदनाम झालेली अमायलॉइडची घडी इथे निरोगी मेंदूत रोजचे काम करताना सापडली.